सड्यावरून पळताना

दुसऱ्या वर्षीही मेडिकलचा नंबर लागला नाही, तेव्हा नांदेडच्या क्लासमधल्या समुपदेशन करणाऱ्या सरांनी पप्पांना बोलावून घेतलं. पोरीला येतं सगळं, पण पेपर हातात आला की घाबरते, असं ते म्हणाले. मग इंग्रजीत ‘एक्झाम फिअर’ म्हणाले. पप्पांनी तो शब्द लातूरला घरी आणला आणि येईल त्या पाहुण्याला सांगितला. त्यांना त्यात दिलासा होता. पोरगी मठ्ठ नाही, आळशी नाही, नुसती भीती आहे, आणि भीती काढता येते.

सर बोलत होते तेव्हा मी शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. मला भीती वाटत नव्हती. पेपर हातात आला की उलट मला फार शांत वाटायचं. प्रश्न वाचता वाचता लक्ष खिडकीबाहेर जायचं आणि परत यायला तयार नसायचं. मला डॉक्टर व्हायचं नव्हतं, इतकी साधी गोष्ट होती ती. पण मी सरांकडे बघून मान हलवली. शाळेपासून मी अशीच. बाईंनी काही विचारलं की इंग्रजीत एका शब्दाचं उत्तर आणि मग खाली बघणं. त्यामुळे माझी मान हलली की सगळ्यांना तो होकारच वाटायचा.

नाही म्हणता न येण्याचं कारण मात्र माझा स्वभाव एवढंच नव्हतं. पप्पांचं गाव भूकंपात गेलं. ते तेव्हा कॉलेजात होते. आवाज झाला तसे ते “पळा” असं ओरडत दारातून बाहेर आले. मागं त्यांची धाकटी बहीण होती, ती आली नाही. तिला दगडमातीखालून जिवंत काढलं, पण दुपारपर्यंत ती शाळेसमोरच्या झाडाखाली पडून होती आणि कुणी डॉक्टर तिच्यापर्यंत पोचला नाही. ही माझी आत्या. आमच्याकडे तिचा फोटोसुद्धा नाही, कारण फोटोही घराबरोबर गेले. मी दहावीत चांगले मार्क पाडले तेव्हा पप्पा पेढ्याचा पुडा हातात घेऊन एवढंच म्हणाले, “आपल्या घरात एक डॉक्टर पाहिजे.” त्याच्यावर काय बोलणार? क्लास, हॉस्टेल, रिपीटरची बॅच, सगळं त्या एका वाक्यावर ठरत गेलं.

त्या भूकंपातून पप्पांनी घरासाठी एक नियम काढला होता. मांडणीवरची भांडी खडखडली, जमिनीखालून आवाज आला, की ते “पळा” म्हणायचे. मग प्रत्येकानं जवळच्या माणसाचा हात धरायचा आणि बाहेर अंगणात जायचं. एकट्यानं पळायचं नाही. माझ्या लहानपणी आमच्या भागात अधूनमधून जमिनीतून गुरगुर ऐकू यायची, त्यामुळे हे पुष्कळदा झालं. बऱ्याच वेळा तो रस्त्यावरून जाणारा उसाचा ट्रॅक्टर निघायचा. आई देवणीकडची, तिच्या माहेरचं काही पडलं नव्हतं, पण लग्नानंतर तीही हे शिकली. पोळी तव्यावर असली तरी ती पिठाच्या हातानं पप्पांचं मनगट धरायची. एकदा मामा आमच्याकडे जेवत असताना आम्ही असे एकमेकांना धरून बाहेर गेलो. मामा ताटावरून उठला नाही. “फुगडी झाली असंल तर या आता जेवायला,” म्हणाला. पप्पा हसले नाहीत.

तर भीती काढायची होती. पप्पांच्या ऑफिसातल्या कुणीतरी मोबाईलवर पॅराग्लायडिंगचा व्हिडिओ दाखवला. कोकणात समुद्राच्या कडेला, मागं पायलट बसलेला, पुढं आपण. नांदेडला तिसऱ्या खेपेची बॅच सुरू व्हायला थोडे दिवस होते.

“एकदा हवेत जाऊन आली ना,” पप्पा आईला म्हणाले, “मग पेपर म्हंजे काय, कागद.”

“अन् पडली म्हंजे?”

“पडत न्हाई. मागं माणूस राहतो की.”

आई माझ्याकडे वळली. “तुला जायचंय का?”

मी मान हलवली.

लातूरहून गाडी काढून आम्ही तिघं निघालो. वाटेत मुक्काम केला तिथं पप्पांनी नेहमीप्रमाणे आधी खोलीचं छत पाहिलं आणि दाराजवळचा पलंग घेतला. मी ठरवलं होतं की उड्डाणाच्या आधी सांगून टाकायचं. म्हणजे उगाच त्या बहाण्यानं उडायला नको. घाट उतरताना मी वाक्य तयार केलं, इंग्रजीत. मग त्याचं मराठी केलं. गाडी चालवता चालवता पप्पा शेजारी बसलेल्या आईला सांगून राहिले होते की यावेळी नांदेडला खोली क्लासच्या जवळ बघू, मेसचा डबा बदलू. वाक्य तोंडातच राहिलं.

सडा म्हणजे तिथलं डोंगरमाथ्यावरचं सपाट पठार. काळपट लाल दगड, मधेमधे वाळलेलं गवत, करवंदीच्या जाळ्या, आणि एकदम कडा. कड्याखाली समुद्र. मी पहिल्यांदाच समुद्र पाहत होते. त्याचा रंग सांगता येत नव्हता आणि तो संपत नव्हता, एवढंच मनात आलं. वारा समुद्राकडून येत होता आणि आईचा पदर काही केल्या खांद्यावर थांबत नव्हता.

पायलट तिशीतला, उन्हानं रापलेला माणूस होता. त्यानं मला पट्टे बांधले, हेल्मेट घातलं. मागं जमिनीवर ती मोठी छत्री पसरलेली होती, तिच्या दोऱ्या त्याच्या पट्ट्यांना आणि माझे पट्टे त्याला.

“एकच गोष्ट लक्षात ठेवा ताई,” तो म्हणाला. “मी ‘पळा’ म्हटलं की पळायचं. थांबायचं नाही, मधेच बसायचं नाही. पायाखालची जमीन गेली तरी पाय चालू ठेवायचे.”

मी मान हलवली.

“तोंडानं सांगा. मान हलवलेली मला मागून दिसत नाही.”

“हो.”

पप्पांना मोबाईलवर शूटिंग करायचं होतं. त्यांना बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या पलीकडे थांबायला सांगितलं होतं, पण तिथून माझा चेहरा येईना म्हणून ते बाजूनं पुढं येऊन उभे राहिले होते. आई त्यांच्या शेजारी. वाऱ्याचा जोर वाढला. छत्री मागून फडफडत वर आली, जमिनीतून काहीतरी उठल्यासारखा आवाज झाला, आणि पायलट माझ्या कानामागं ओरडला, “पळा! पळा!”

पुढचं सगळं एका क्षणात झालं, पण मला ते नीट आठवतं. मी पळाले. आणि पळता पळता माझा उजवा हात आपोआप बाजूला गेला, लहानपणी जायचा तसा. तो पप्पांनी पकडला. मोबाईल टाकून त्यांनी दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं होतं, आणि त्यांचा दंड आईनं धरला होता. पायलट, मी, पप्पा, आई, अशी आमची साखळी कड्याच्या दिशेनं काही पावलं खेचली गेली. मग छत्री एका बाजूला कलली, करवंदीत जाऊन पडली, आणि आम्ही सगळे दगडांवर आपटलो.

पायलट आधी उठला. त्यानं माझे पट्टे तपासले, मग पप्पांकडे वळला.

“काका, काय केलंत हे? चौघं गेलो असतो खाली.”

पप्पा गुडघ्यावर होते. तळहात सोलवटून रक्त आलं होतं. ते पायलटकडे बघत नव्हते, माझ्या मनगटाकडे बघत होते. ते अजून त्यांनी सोडलं नव्हतं.

“तुम्ही पळा म्हणलात,” आई म्हणाली.

“तुम्हाला नाही म्हटलं काकू. यांना म्हटलं.”

“हाव. पण आमच्यात पळा म्हणलं की…” आई एवढं बोलून थांबली. कसं सांगणार होती ती? कोकणातल्या त्या माणसाला आमच्या मांडणीवरची भांडी कुठून माहीत असणार? पाण्याच्या बाटलीनं ती पप्पांचा हात धुवायला लागली.

पप्पा हळूच म्हणाले, “जाऊ द्या. नको आता. चला वापस.”

इतकी वर्षं मला त्यांच्याविषयी जे वाटत आलं होतं ते त्या वेळी जरा सरकलं. भीती निघाली ती त्यांची, आणि अनोळखी माणसापुढं निघाली. मला त्यांची कीव आली आणि कीव आल्याची लाज वाटली. त्याच वेळी मला हेही कळलं की आता परत गेले तर मी सरळ नांदेडच्या खोलीत जाईन. मग वर्ष जाईल, आणि त्याच्या पुढचंही.

“मी जाणार,” मी म्हणाले.

आईनं मान वर केली. पायलटनं पप्पांकडे पाहिलं.

“त्यांना विचारू नका,” मी म्हणाले. “मी जाणार आहे.”

त्यानं छत्री काट्यांतून सोडवली, उन्हासमोर धरून तपासली. वेळ लागला. पप्पा आणि आईला गाडीजवळ जाऊन थांबायला सांगितलं आणि या खेपेला ते थांबले. माझ्यामागं उभा राहत तो म्हणाला, “आता मी पळा म्हणणार नाही. चला म्हणतो. चालेल?”

“चालेल.”

“चला,” तो म्हणाला, आणि मी हात छातीशी धरून पळाले.

वर गेल्यावर फार आनंद होतो असं सगळे सांगतात. मला झाला नाही. पाय लोंबकळत होते, चपलेऐवजी घातलेले बूट मला दुसऱ्या कुणाचे वाटत होते. खाली किनारा वळत वळत गेलेला, सुरूची झाडं, वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या, खाडीच्या तोंडाशी पाण्याचे दोन रंग. हे सगळं सुंदर होतं, ते मला दिसत होतं, पण माझं लक्ष पुनःपुन्हा सड्यावर जात होतं. गाडी आगपेटीएवढी. तिच्याजवळ आईची पिवळी साडी उभी होती. पप्पा दिसेनात. मग दिसले. ते जमिनीवर बसले होते, समुद्राकडे पाठ करून.

“काय शिकता ताई?” मागून आवाज आला.

“काही नाही,” मी म्हणाले. आणि मग, त्याला माझा चेहरा दिसत नव्हता म्हणून, “डॉक्टरकीच्या परीक्षेला बसत होते. आता बसणार नाही.”

“बरं,” तो म्हणाला. “पाय थोडे वर घ्या. वळायचंय.”

मी ते वाक्य पहिल्यांदा मोठ्यानं बोलले होते आणि काहीही झालं नाही. फक्त आम्ही वळलो.

वाळूवर उतरलो. पायलट छत्री गोळा करायला लागला. गाडी रस्त्यानं खाली यायला बराच वेळ लागणार होता. मी ओल्या वाळूपाशी बसून राहिले आणि पप्पा आले की काय बोलायचं ते मनात जुळवत राहिले. ते सावरून आले तर मला जमणार नाही, हे मला माहीत होतं. ते अजून हादरलेले असतील तोवरच बोलायला हवं होतं. हा विचार मला आवडला नाही, तरी मी तो सोडला नाही.

पप्पा आईच्या पुढं चालत आले. हाताला आईचा रुमाल बांधलेला. आधी माझे पाय पाहिले, मग गुडघे.

“लागलं का?”

“नाही.”

“गेली का भीती?” ते म्हणाले. हसायचा प्रयत्न करून राहिले होते.

“मला भीती नव्हतीच पप्पा. मला डॉक्टर व्हायचं नाही. मी नांदेडला जाणार नाही.”

त्यांनी हातावरचा रुमाल पुन्हा आवळून बांधला. आई म्हणाली, “गाडीत बोला. ऊन हाय.” कुणी हललं नाही.

“मग आधी कामून सांगितलं न्हाईस?” पप्पांनी विचारलं.

“आत्यामुळे.”

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला परत बघायचं नाही. ते वळले आणि गाडीकडे चालू लागले.

परतीच्या वाटेवर घाट चढून वर आल्यावर चहाला थांबलो. पप्पांनी चहा घेतला नाही. गाडीच्या बॉनेटला टेकून त्यांनी क्लासच्या सरांना फोन लावला. सड्यावर पडून मोबाईलच्या काचेला तडे गेले होते, म्हणून नंबर दाबायला वेळ लागला.

“नमस्कार सर. पोरगी येणार न्हाई यावेळी.” तिकडून बोलणं बराच वेळ चाललं होतं. “न्हाई सर. भीती न्हाई, तिला नकोय.” पुन्हा तिकडून बोलणं. “ते मी कसं सांगू? तिच्याशीच बोला.”

त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला आणि स्वतः रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.

सर इंग्रजीत बोलत होते. तुझ्यासारख्या मुलीनं ऐनवेळी माघार घेणं बरं नाही, वडिलांचा विचार कर, त्यांनी काय काय पाहिलंय. मी पप्पांची पाठ बघत ऐकून घेतलं. मान हलवून भागणार नव्हतं.

“मी विचार केला सर,” मी मराठीत म्हणाले. “मी येणार नाही.”

ते पुन्हा बोलायला लागले. त्यांचं संपेपर्यंत मी थांबले आणि तेच पुन्हा म्हणाले. मग फोन पप्पांना नेऊन दिला. त्यांनी तो न बघता खिशात टाकला. सर काय म्हणाले, मी काय म्हणाले, काहीच विचारलं नाही. आई मागच्या सीटवर सरकली आणि मला म्हणाली, “तू पुढं बस.” मी पप्पांच्या शेजारी बसले. लातूर येईपर्यंत ते एकदाही माझ्याकडे वळले नाहीत, आणि मीही काही बोलून त्यांना वळायला लावलं नाही.