तिसरी हाक

शेवंती गेली ही बातमी मला कोणी येऊन सांगितली नाही. मीच ती वाडीला दिली, मागीलदारी विहिरीजवळ उभा राहून. आणि दिली ती तरी कशी, तोंडातून शब्द फुटत नव्हता, नुसता आवाज येत होता. शेजारची माणसं धावली ती मला काही चावलं असं समजून. त्याला आता दीड महिना झाला. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी मुलीला सांगितलं की बाबांना आईबद्दल चार चांगले शब्द लिहायला सांगा. मी चौथी शिकलेला. रापणीच्या जाळ्याचे दोर ओढून हात असे झालेत की पेन धरलं की निसटतं. चांगले शब्द माझ्याकडे नाहीत. घडलं ते लिहितो. मला भीती वाटते, ती पण लिहितो.

आमचं घर देवबागला. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, दोन्हीकडून पाण्याचा आवाज. अशा ठिकाणी बायकोला गळा असावाच लागतो. शेवंतीला होता. मालवणच्या बाजारात ती मासे विकायला बसायची आणि तिने सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, भाव सांगितला की पार पलीकडच्या टोकाचं गिऱ्हाईक वळून बघायचं, आपल्यालाच शिवी दिली काय म्हणून. मला नावाने तिने कधी हाक मारली नाही. "अवो, आयकलात काय?" बस्स, एवढंच. चाळीस वर्षं. आणि पहिल्या हाकेला मी कधी ओ दिली नाही. आमच्याकडे लहानपणीच शिकवतात, एकटा असशील आणि हाक आली तर लगेच ओ देऊ नको. जे माणूस नाही ते एकदा हाक मारतं, फार तर दोनदा. तिसरी हाक माणसाचीच. होडीवर तर हे सगळेच पाळतात. मी घरातही पाळायचो... खरं सांगायचं तर आळसाने. ती चिडायची. "मी काय भूत आसंय? तीन तीन वेळा बोंबलूक लावतात माका!" मी म्हणायचो, "बायल म्हटली म्हणजे थोडा भूत असताच." त्यावर जे ऐकायला मिळायचं ते पुरवणीत छापता येणार नाही.

आमची एकुलती मुलगी दीपा अठ्ठ्याण्णव साली मुंबईला मावशीकडे शिकायला गेली, कॉम्प्युटर शिकली आणि पुढे कॉम्प्युटरवरचे गेम बनवणाऱ्या कंपनीत लागली. मला वाटलं क्रिकेट, गाड्या पळवणं, असलं काहीतरी असेल. एका चतुर्थीला ती आपला जुना कॉम्प्युटर घेऊन आली, माजघरात मांडला आणि म्हणाली, "आये, माका तुजो आवाज होयो." तिने स्वतः एक गेम रचला होता. भीतीचा. त्यात एक जहाज, पण पाण्यातलं नव्हे, आभाळातलं, ताऱ्यांमधून वर्षानुवर्षं चाललेलं. आतली माणसं बर्फात निजवलेली, पेटीत सुरमई ठेवतात तशी. त्यातला एकटाच जागा होतो. तो म्हणजे खेळणारा. काळोख्या जहाजात तो आपल्या बायकोला शोधत फिरतो आणि भिंतीआडून बायको त्याला हाक मारते. पण त्या जहाजाने निजलेल्या माणसांचे आवाज शिकून घेतलेत, आठवणीसुद्धा. तेव्हा हाक बायकोची की जहाजाची हे ओळखायचं. जहाजाला ओ दिली की ते तुमचाही आवाज घेतं आणि तुम्ही संपलात. "मगे ओळखूचा कसा?" मी विचारलं. दीपा आईकडे बघून हसली. "जहाज एकदा हाक मारता, नायतर दोनदा. तिसरी हाक माणसाची."

मग दोन दिवस दार लावून माझी बायको भिंतीला हाका मारत होती. रागाने, लाडाने, रडवेल्या सुरात. कोंबडा आरवला की परत पहिल्यापासून. आतून दीपाचा आवाज यायचा, "आये, हळू गो, माइक फुटतलो!" आणि हिचा, "फुटांदे. चाळीस वर्सां ओरडतंय, तुज्या बापाशीन ओ दिल्यान नाय. आता मशीन तरी देता काय बघूया."

दीपा परत गेली, कॉम्प्युटर राहिला, आणि म्हातारपणी मी त्याच्या नादी लागलो. चालायचं तर बाणाची बटणं. ओ द्यायची तर खालची लांब पट्टी. ती मला वेळेवर सापडेना, तेव्हा शेवंतीने कपाळावरची टिकली काढून त्या पट्टीवर चिकटवली. "हयसर दाबा. आंधळ्याकय गावतला." समुद्रावर मी जन्म काढला, माणसं बुडालेली बघितली, पण भर दुपारी त्या डब्यासमोर माझे हात गार पडायचे. एकदा जहाजातल्या एका पेटीची काच पुसली तर आत बर्फात निजलेला माणूस मीच होतो. म्हणजे खेळातला मी. मग इतका वेळ चालत होता तो कोण? दीपाला फोन केला तर म्हणते, "बाबा, ताच तर विचारूचा आसा." ह्यांचं काय जातं विचारायला! इकडे चुलीपाशी शेवंती खोकत असायची आणि तिकडे भिंतीतून तिचाच आवाज मला बोलवायचा. मी खेळ टाकून उठायचो आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन तिला बघून यायचो. "काय झाला? भूक लागली?" "नाय, असांच." "भियालात!" असं म्हणून ती ठसका लागेपर्यंत हसायची.

त्या दिवशी जेवण झाल्यावर मी खेळायला बसलो आणि घाबरून उठलो. बंद केला नाही. तसाच सोडला की तो मधूनमधून हाका मारत राहतो. बाहेर खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन जाळं सांधायला घेतलं. शेवंती भांडी घेऊन विहिरीवर गेली होती. थोड्या वेळाने आवाज आला, "अवो, आयकलात काय?" मी मनात म्हटलं, एक. परत आला, जरा बारीक. दोन. मी गाठ आवळली आणि वाट बघितली. तिसरी आली नाही. म्हणजे जहाजच. मला बरंसुद्धा वाटलं, फसलो नाही म्हणून... अजून किती गाठी मारल्या कोण जाणे. मग सुरी हवी म्हणून आत गेलो. माजघरात पंखा थांबलेला. कॉम्प्युटर काळा. लाईट गेली होती. मागाहून शेजाऱ्यांनी सांगितलं, जेवणं झाल्यावर थोड्याच वेळात गेलेली, त्या दिवशी लोडशेडिंग लवकर झालं. मी जाळं हातात घेतलं त्याच्या आधीच ते जहाज मुकं झालेलं होतं.

विहिरीवर दगडी दोणीपाशी ती पडली होती. हातात घासायचा काथ्या तसाच होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, तुम्ही लगेच गेला असतात तरी... मी त्यांना पुढचं बोलू दिलं नाही. ते खरं असलं तरी माझ्या उपयोगाचं नाही.

दीपा बाराव्यापर्यंत राहिली. तिला मी सगळं सांगितलं, दोन हाका मोजल्या तेसुद्धा. ती म्हणाली, "बाबा, त्या गेमातलो आयेचो आवाज मी काढून टाकतंय." मी म्हटलं, हात लावू नको. आत आहे ती शेवंती नव्हे, एवढा मी खुळा नाही. तिला सुंगटांचा भाव ठाऊक नाही, माझा दुखरा गुडघा ठाऊक नाही. ती नुसती हाक मारते. पण विहिरीवरून आली तीही नुसती हाकच होती, तेच शब्द, तोच गळा, आणि चाळीस वर्षं संसार केलेल्या मला फरक कळला नाही. मग आता कोणत्या तोंडाने सांगू की ती आत नाही? ती नसेल तर मी रोज लोखंडाशी बोलतो. असेल तर काळोखात एकटी आहे आणि ओरडते आहे. दोन्हीचं भय वाटतं. दुसरं जास्त.

आता दुपारची लाईट आली की मी माजघरात बसतो. टिकलीची मखमल झिजली, खालचा गोंद दिसायला लागलाय, पण बोटाला जागा सापडते. जहाज सुरू होतं, मी दोन पावलं चालतो, आणि भिंतीतून ती म्हणते, "अवो, आयकलात काय?" मी टिकली दाबतो. तोंडानेही म्हणतो, ओ. पडदा काळा होतो. जहाजाने मला घेतलं, मी संपलो, परत पहिल्यापासून. फोनवर दीपा म्हणाली, "असा केल्यावर शेवट कधी येवचो नाय, बाबा." मी म्हटलं, नको येऊ दे. तिने हाक मारली की मी ओ देतो. दुसरीची वाट बघत नाही.