बोट सोडून किनाऱ्यावर पडलेली माझी आत्या

मंडळी, आज सकाळी नाशिकला गंगापूर रोडला आत्याकडे गेले होते. तिच्या शेजारच्या मीनाताई तिथे बसल्या होत्या. त्या सहलीत पडल्या, हात मोडला आणि सहल कंपनीने हात वर केले. "जाऊ दे, कोण भांडत बसणार?" त्या म्हणाल्या. तेव्हा आत्याने मलाही माहीत नसलेली गोष्ट सांगितली.

ऐंशीच्या दशकात आत्या शाळेत शिकवायची. एका सुट्टीत ती मुंबईहून बोटीने गोव्याच्या सहलीला निघाली. वाटेत कंपनीने सगळ्यांना किल्ला बघायला उतरवलं. धक्क्यावरची कुजकी फळी तुटली आणि आत्याचा पाय मोडला.

"बोटीवर आमची जबाबदारी, किनाऱ्यावर तुमची तुम्ही," कंपनीने सांगितलं.

घरचे नको म्हणत असताना आत्याने नाशिकच्या कोर्टात दावा लावला. कंपनीच्या वकिलाने तेच उत्तर दिलं, तेव्हा कुबडी टेकून ती न्यायाधीशांना म्हणाली, "साहेब, किल्ल्याचा कार्यक्रम यांनीच ठरवला. मी काही पोहत गेले नव्हते!"

निकाल यायला वर्षं लागली, पण भरपाई मिळाली. आत्या आजही लंगडते. मी इतकी वर्षं संधिवात समजत होते.

मीनाताईंनी तिथूनच वकिलाला फोन लावला. मला तर आत्याचा इतका अभिमान वाटला!

तुमच्या घरातलं असं कोण आहे, ज्याची गोष्ट तुम्ही कधी विचारलीच नाही?