विजयादशमीपर्यंत बंद ठेवलेला लॅपटॉप

त्या लॅपटॉपचा विषय निघाला की अजूनही माझं डोकं फिरतं. घरचे म्हणतात, सोड ना आता, किती वर्षं झाली. सोडते ना. आधी एकदा नीट सांगून तर घेऊ द्या.

मी तेव्हा अर्जुनीला एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला होते. सकाळच्या बसनं नवेगाव बांधहून जायचं, संध्याकाळच्या बसनं परत. काम काय, तर पुढाऱ्यांचे वाढदिवस. शुभेच्छुकांची अख्खी जत्रा एका फ्लेक्सवर बसवायची, कोणाला गोरं करायचं, कोणाचं पोट आत घ्यायचं, आणि ज्यानं पैसे दिले त्याचं थोबाड सगळ्यात मोठं. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की तिथल्या नाटकांचे फ्लेक्स. दुकानदार त्याच्या मशीनवर बसू द्यायचा तेही उपकार केल्यासारखं. बस उशिरा आली की गिऱ्हाइकासमोर टोमणा, "आ गईं मैडम, चाय पिलाओ इनको." मला तिथून सुटायचं होतं. स्वतःचं काम, स्वतःच्या घरी, कोणाचं ऐकून न घेता. मला बाकी काहीच नको होतं.

आणि ते मिळतही होतं. नागपूरला लग्नांचे व्हिडिओ तयार करणारा एक स्टुडिओ होता. मावसबहिणीच्या लग्नाचा मी मोबाईलवरच जोडलेला व्हिडिओ फिरत फिरत त्याच्या मालकापर्यंत गेला आणि त्याचा मला फोन आला. म्हणाला, "काम घरूनच कर. हार्डडिस्क साकोलीपर्यंत ट्रॅव्हल्सच्या गाडीनं पाठवत जाईन. पण मशीन आमच्यासारखी पाहिजे, आमच्या फायली दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर उघडत नाहीत." तुळशीची लग्नं लागली की त्याचा सीझन सुरू व्हायचा. त्याआधी मशीन चालू करून व्हिडिओ कॉलवर दाखवायची, की काम माझं. नाहीतर त्याच्याकडे दुसरे होतेच.

आमच्यासारखी म्हणजे ती महागडी कंपनी. मी कॉम्प्युटर शिकले ते दुसऱ्याच कंपनीच्या मशीनवर, दुकानात होतं तेही तसलंच. ही वस्तू मी फक्त सिनेमात पाहिलेली. नवी घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून जुन्या वस्तूंच्या साइटवर शोधली. दिल्लीचा एक विक्रेता सापडला. त्यानं मशीन चालू करून व्हिडिओ पाठवला, "देख लीजिए मैडम, मक्खन चल रही है." अट एकच होती. माल पोचल्यापासून आठवडाभरात चालवून पाहा, काही निघालं तर बदलून देऊ. त्यानंतर आमचा संबंध नाही.

मी आधीच तयारीला लागले. बसमध्ये मोबाईलवर व्हिडिओ पाहून कुठलं बटण कुठं आहे ते पाठ करत होते. मशीनमध्ये काही बिघाड असेल अशी शंकाही नव्हती. आमच्याकडे कुठलाही जुना लॅपटॉप आला की फॉरमॅट मारतात आणि तो नवा होतो. कंपनी बदलली म्हणून हे बदलेल, असं मनातसुद्धा आलं नाही.

कुरिअरवाला गावात येत नसे. अर्जुनीला जाऊन मी खोका घेतला आणि बसमध्ये मांडीवर धरून घरी आणला. शेतात धान निसवायला, लोंब्या टाकायला लागला होता. शेजाऱ्यांकडे पितृपक्ष चालू होता. त्यांच्या मुलानं नवीन मोटरसायकल घेतली होती आणि ती ताडपत्रीखाली झाकून उभी होती, पाडव्याशिवाय की दसऱ्याशिवाय, कधी काय माहीत, किल्ली लावायची नाही म्हणे. माझे बाबा वनखात्याच्या रोपवाटिकेत कामाला. ते रोज येता-जाता त्या ताडपत्रीकडे पाहून हसायचे. "गाडी घेतली न पायी चालून राहिले. आपल्यात असं काई नाई, बाप्पा. आपल्याले मुहूर्त नाई न फिहूर्त नाई."

आणि त्याच बाबांनी माझ्या हातातून कात्री काढून घेतली.

"काऊन वं, एवढी कायची घाई? आपला दिवस येऊन राहिला न."

आपला दिवस म्हणजे विजयादशमी, दीक्षेचा दिवस. आमच्या घरात सायकल आली ती त्या दिवशी, टीव्ही लागला तो त्या दिवशी, माझं बालवाडीत नावसुद्धा त्याच्या दुसऱ्या दिवशी. बाबा दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे, दुसऱ्या दिवशी पहाटे परत यायचे, आंघोळ करून त्रिशरण-पंचशील म्हणायचे आणि मग नवीन वस्तूला हात. याला मुहूर्त म्हटलं की त्यांना राग यायचा. मुहूर्त भटजी काढतो, हा तर आपला दिवस.

मी म्हटलं, "बाबा, आठवडाभरातच पाहून घ्यायची आहे. नंतर तो बदलून देत नाही."

"आठ दिवसांत वस्तू सडते काय? सडली तं मंग ते आधीचीच सडकी होती. दुकानदार असं बोलतेच."

मी भांडले. खूप भांडले. मग ते एवढंच म्हणाले, "घरातली पहिली मोठी वस्तू आहे तुह्या कमाईची. आपल्या दिवशी खोल, बाई." मी हट्ट सोडला. विक्रेत्याचा व्हिडिओ पुन्हा पाहिला, मशीन छान चालत होती. खोका भिंतीवरच्या वंदनेच्या फोटोंच्या खाली टेबलावर गेला, वर आईनं धुतलेला टॉवेल टाकला. आमची पण ताडपत्रीच झाली की. बाबांना ते दिसलं नाही.

विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, बाबा दीक्षाभूमीवरून आल्यावर, आम्ही तिघं त्या टेबलापुढे बसलो. वंदना झाली. मी खोका उघडला, चार्जर लावला, बटण दाबलं. पडदा उजळला आणि त्यावर कुलूप आलं. खाली एक रिकामी चौकट, आधीच्या मालकाचा पासवर्ड टाका. एवढंच. दुसरं काही उघडेना. आई म्हणाली, "चालू झाला न?" मी म्हटलं, "हो, झाला."

दुसऱ्या दिवशी गोंदियाला दोन दुकानं फिरले. पहिल्यानं फॉरमॅट मारून पाहिलं, कुलूप जागच्या जागी. दुसऱ्यानं मशीन हातातसुद्धा घेतली नाही. "इस कंपनी का ऐसा ही है, मैडम. मालिक खोलेगा तो ही खुलेगा. चोरी की तो नहीं ना?" चोरीची! मी बाई चोर झाले गोंदियाच्या भर बाजारात.

विक्रेत्याला फोन लावला. तोंडातून साखर सांडणारा तोच माणूस. "मैडम, हफ्ते में बोलतीं तो उसी दिन बदलके देता. इतने दिन मशीन का क्या किया?" काय केलं? टॉवेल झाकून ठेवली, दादा. त्याला काय सांगू, आपला दिवस कोणता ते? तो खोटारडा होता, आठवड्यातही त्यानं बदलून दिली नसती, असं मी स्वतःला कितीदा तरी समजावलं. पण खात्रीनं कसं म्हणू? पाहायची संधीच आम्ही आमच्या हातानं घालवली होती.

नागपूरचं काम गेलं, हे इथंच सांगून टाकते, उगाच आशा लावून बसू नका. तुळशीची लग्नं तोंडावर आली तरी मी रोज दिल्लीला फोन करत होते आणि तो रोज उद्या म्हणत होता. त्या फोनांमधूनच घरी कुलपाचं कळलं होतं, आणि मी बाबांशी बोलणं टाकलं होतं. त्यांच्यापुढे ताट ठेवायचं आणि उठून जायचं. विजयादशमीनंतर तेही संध्याकाळी पारावर जाईनासे झाले.

एका संध्याकाळी मी अंगणात फोन लावून बसले होते, आवाज स्पीकरवर. विक्रेता नेहमीचं बोलत होता. बाबा रोपवाटिकेतून आले, पायाला माती तशीच, आणि माझ्या हातातून मोबाईल घेतला. त्यांना हिंदी बोलायची सवय नव्हती.

"मालिक," ते म्हणाले.

माझ्या बाबांच्या तोंडून हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. माझे आजोबा पाटलाच्या अंगणात चपला हातात घेऊन हा शब्द बोलायचे. तो शब्द आमच्या घरात पुन्हा यायचा नाही, असं बाबांनी तरुणपणीच ठरवलं होतं. साहेब लोकांनासुद्धा ते ताठ मानेनं जयभीम करायचे, त्यापायी बोलणीही खाल्ली होती. आणि आता, समोर कोणी नसताना, एका हातात मोबाईल आणि दुसरा हात छातीशी जोडल्यासारखा धरून, वाकून बोलून राहिले होते.

"मालिक, गलती हमारी है. लड़की की नहीं, हमारी. हम रुकवाए उसको. मालिक, हाथ जोड़ता हूँ, आप दूसरी मशीन दे दो. लड़की का काम है."

तिकडून हसल्याचा आवाज आला. "अंकल, इतना शौक था तो नया ले लेते ना." आणि फोन बंद.

बाबा मोबाईलकडे पाहत उभे राहिले. मग मोबाईल माझ्या हातात देत म्हणाले, "लावून दे अजून एक डाव. मले हिंदी बराबर येत नाई न, त्याले राग आला असंन. आता अजून नरम बोलतो."