भावोजींचं दुकान चालू आहे

माझे भावोजी म्हणजे टेलरमास्तर. वय त्र्याहत्तर, गळ्यात टेप आणि तोंडात बढाया. "सूट शिवावा तर आमच्या हातचा!" हातचा कसला, कर्माचा! चार वर्षं झाली, या माणसाला सुईचं नेढं दिसत नाही.

पण कबूल करतील तर शपथ. गिऱ्हाईक आलं की ऐटीत मापं घ्यायची आणि मग कापड गुपचूप मागच्या गल्लीतल्या कारागिराकडे पोचवायचं. त्याची शिलाई बाराशे, हे घेणार नऊशे. का, तर भाव वाढवला की लोक म्हणतील म्हातारा हपापला! म्हणजे जितके कोट जास्त, तितका खड्डा मोठा. दुकानाच्या भाड्यासाठी पतपेढीचं कर्ज, तिच्या हप्त्यासाठी सावकाराचं. अक्कल तेवढी कुणी उसनी दिली नाही.

शेवटी नजर गेली बायकोच्या, म्हणजे माझ्या ताईच्या घरावर. दोन खोल्या, तीस वर्षं नर्स म्हणून राबून तिने घेतलेल्या, तिच्या नावावर. मी गेले तर सावकाराचा माणूस बुटांसकट आत बसलेला. घर गहाण टाकायचे कागद तयार, फक्त ताईची सही राहिली होती.

मी म्हटलं, "भावोजी, दुकानाला कुलूप लावा आणि आधी डोळे दाखवा."

"आणि लोकांना काय सांगू? मला दिसत नाही?"

"हो, तेच सांगा!"

"शोभतं का या वयात?"

ताईने हळूच विचारलं, "घर गेलं तर राहायचं कुठे?"

"जातंय कशाला? आणि गेलंच तर तुझी बहीण आहे की! तिची मागची खोली रिकामीच असते."

घ्या! मला न विचारता माझी खोली वाटून मोकळे. सावकाराचा माणूस माझ्याकडे बघून हसला. ताईनेही पेन हातात धरून माझ्याकडे पाहिलं. 'नाही' अगदी ओठांवर होतं. पण परक्या माणसासमोर सख्ख्या बहिणीला नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं, "अगं, असं काय विचारतेस!"

तिने सही केली.

पाच महिन्यांत घर गेलं. आता दोघं माझ्या मागच्या खोलीत आहेत. मी भावोजींना उठताबसता नावं ठेवते, ते मान खाली घालून ऐकतात. परवा भांडी पुसता पुसता ताई म्हणाली, "त्यांना बोललीस तेवढं पुरे झालं गं. त्या दिवशी तू नाही म्हणाली असतीस, तर मी सही केली नसती."