खाऱ्या दाण्यांचं सोडियम

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी अख्ख्या बिल्डिंगच्या भानगडी सांगते! तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मध्येच उठून चहा मागणार नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी घाटकोपरची, फिलोमिना अंधेरीकडच्या मरोळ गावठाणातली — दोघी एकाच प्रयोगशाळेत. काम काय? चिमूटभर नमुना अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवायचा, मग त्यातून निघणारे गॅमा किरण मोजायचे. आलेखावर शिखरं उमटतात. शिखर कुठे आहे त्यावरून मूलद्रव्य कळतं, केवढं आहे त्यावरून प्रमाण. ही शिखरं मोजणारा प्रोग्रॅम आम्ही दोघींनी आपापला लिहिला होता — तेव्हा प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या पंचकार्डांवर असायचा, त्यांचे हे एवढे गठ्ठे! साहेबांनी ठरवलं, एकाच नमुन्यावर दोन्ही चालवायचे. जिचं उत्तर बरोबर तिचा प्रोग्रॅम ठेवायचा, आणि तिने तो दिल्लीच्या परिषदेत मांडायचा. फिलोने वसईपलीकडचं जग पाहिलं नव्हतं. तिने दिल्लीसाठी ब्लाऊजसुद्धा शिवायला टाकला. मला असा राग आला!

नमुना साधा होता. तांदळाचं पीठ, त्यातलं सगळं आधीच मोजलेलं. सोडियम, म्हणजे आपल्या मिठातलं, अगदी नावाला. पीठ पिशवीत भरायचं काम माझं. हातमोजे घालायचे असतात — पण टेबलावर फिलोने आणलेली खाऱ्या दाण्यांची पुडी होती. आणि मी, काय सांगू, जन्माची खादाड! दाणे खात खात, त्याच बोटांनी मी पीठ भरलं. हातमोजे ड्रॉवरमध्येच राहिले.

उत्तरं आली. माझं जवळजवळ बरोबर. फिलोच्या प्रोग्रॅमने सोडियम भरमसाट दाखवलेलं.

"फिलोमिना, हा तांदूळ आहे, सुका बोंबील नाही!" साहेब म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले — आणि हसता हसता मला माझी बोटं आठवली.

तिचा प्रोग्रॅम खरं सांगत होता हो! मीठ होतंच, मीच लावलेलं. आणि माझा? त्यात मी एक ओळ घालून ठेवली होती — फार उंच शिखर दिसलं की यंत्राची गडबड समजून छाटून टाक. छाटून जे उरलं ते योगायोगाने बरोबर निघालं. तेव्हाच बोलले असते तर काय झालं असतं? नमुना पुन्हा भरला असता, चार शिव्या बसल्या असत्या. पण दिल्लीही गेली असती ना. मी दिल्लीची बॅग भरली.

दिल्लीत मी मजा केली, खोटं कशाला सांगू? चाट खाल्ली, टाळ्या घेतल्या. इकडे फिलो एकेक कार्ड काढून तपासत होती.

"अगं, चूक सापडतच नाय ना!" मी परत आले तर ती म्हणाली. "तुझी ती छाटायची ओळ माझ्यात घालू?"

"घाल ना," मी म्हटलं.

तिने घातली. धडधाकट प्रोग्रॅम तिने स्वतःच्या हाताने आंधळा केला, आणि वर मला थँक्यू म्हणाली.

दाणे मात्र ती रोज आणत राहिली. पुडी उघडली की आधी माझ्यापुढे धरायची. मी मूठ भरून घ्यायचे.