दोनशे सहावं हाड

माणसाच्या अंगात दोनशे सहा हाडं असतात. माझ्या अंगात दोनशे सहा हाडं आणि एक सळई आहे. तुम्ही दोघं अजून लहान आहात, म्हणजे तुमची काही हाडं एकमेकांना चिकटायची राहिली आहेत. मोजली तर माझ्यापेक्षा जास्तच भरतील. त्याचा गर्व करू नका. मोठं होताना कमी होतील.

माझी सळई उजव्या मांडीत आहे. ती तिथे कशी गेली याची तुमच्या वडिलांनी सांगितलेली हकीकत चुकीची आहे. मी 'घसरले' नाही. घरी पाहुणे आले होते, त्यांनी दारात वाटेल तशा चपला काढल्या होत्या, आणि मी त्या जोडीजोडीनं, टाचा भिंतीकडे करून लावत होते. सातव्या जोडीला तोल गेला. आधीच्या सहा जोड्या अगदी सरळ लागल्या होत्या, हे मात्र कोणी सांगत नाही.

शस्त्रक्रियेनंतर चार महिन्यांनी नगरच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून सांगितलं, "आजी, हाड जुळलं. वॉकर सोडा आता." मी मान डोलावली आणि वॉकर धरूनच भिंगारला घरी आले. पुढच्या खेपेलाही वॉकर घेऊनच गेले. तेव्हा ते म्हणाले, "हाड जुळलंय, धीर तेवढा जुळायचा राहिलाय. आणि त्याचा एक्स-रे निघत नाही."

दर रविवारी तुम्ही फोनवर विचारायचात, "आजी, एकटी चाललीस का?" मी म्हणायचे, पुढच्या आठवड्यात. असे पुढचे आठवडे मी सतरा काढले. स्वयंपाकघरात ओट्यापाशी वॉकर सोडून उभी राहायचे, पाय उचलायचे, आणि तो टेकायच्या आत दोन्ही हात आपोआप परत दांड्यावर. मी, जिनं सव्वीस वर्षं मुलांना सांध्यांचे प्रकार शिकवले, ती एका पावलाला घाबरत होते. हे तुम्हाला आज पहिल्यांदाच सांगते आहे.

ती सव्वीस वर्षं मी जामखेड तालुक्यातल्या एका गावी विज्ञान आणि इंग्रजी शिकवलं. शाळेत सांगाडा नव्हता. एक तक्ता होता, आणि त्याचा गुडघ्याखालचा भाग उंदरांनी खाल्ला होता. त्यामुळे कित्येक तुकड्या पायाची हाडं निव्वळ माझ्या शब्दावर विश्वास ठेवून शिकल्या. एका पावलात सव्वीस, दोन्हींत मिळून बावन्न. "बाई म्हणतात म्हणजे असतील," असं म्हणून पोरं लिहून घ्यायची.

गेल्या हिवाळ्यात त्याच विद्यार्थ्यांनी माझ्यासाठी मेळावा ठरवला. कोणी पन्नाशीचे, कोणी त्यापुढचे. शाल, नारळ, सत्कार आणि माझं भाषण असा बेत होता. मी कळवलं, शाली माझ्याकडे अकरा आहेत आणि भाषणाला कोणी जागं राहत नाही. येणार किती, ते सांगा.

यादी आली. दोनशे पाच. त्यात आमचे निवृत्त शिपाईमामा धरले की दोनशे सहा.

बाळांनो, असा आकडा आयुष्यात एकदाच समोर येतो. मी आलेखाचा कागद काढला.

ठरलं असं. शाळेच्या मैदानावर फक्कीनं भला मोठा सांगाडा आखायचा आणि प्रत्येकानं आपापल्या हाडावर उभं राहायचं. लग्नाचे फोटो काढणारा एक जण ड्रोन आणून वरून फोटो घेणार. हाडं पांढरी दिसावीत म्हणून सगळ्यांनी पांढरे कपडे घालावेत, असं मी सुचवलं. बायकांचा निरोप तासाभरात आला: "पांढरी साडी? बाई, आमचे मालक हायेत अजून!" मग पुरुषांनी डोक्यावर टोपी आणि बायकांनी डोक्यावर पांढरा टॉवेल, असा तह झाला.

हाडं मी आडनावांच्या क्रमानं वाटली, कवटीपासून पायाच्या करंगळीपर्यंत. कुणाची भीड ठेवली नाही. एकच हाड तेवढं मुद्दाम दिलं. एक विद्यार्थिनी वर्गात एक क्षण गप्प बसत नसे. आता ती वीस म्हशींचा गोठा चालवते आणि म्हशींशीही बोलते. तिला मी खालचा जबडा केलं. चेहऱ्याच्या सगळ्या हाडांत तेवढं एकच हलतं.

"बाई, बोलले म्हणून अंगठे धरून उभं केलं हुतं मला," ती मैदानात पाऊल टाकताच म्हणाली, "आन् आता जबडा करता व्हय?"

"त्या वेळी तुझी जागा चुकली होती," मी म्हटलं.

माझी जागा मैदानाच्या फाटकाशी, लिंबाखाली खुर्चीवर होती. सांगाड्याचे पाय फाटकाकडे, डोकं पार लांब शाळेच्या पायऱ्यांकडे. वॉकर खुर्चीला टेकवलेला, हातात माईक आणि यादी. मी कुठेही चालत जायचं नाही, अशीच सगळी मांडणी मी केली होती. कोणाच्या लक्षात येणार नाही असं मला वाटलं होतं.

पहिला गोंधळ हातांवरून झाला. उजव्या हाताचे सत्तावीस जण उजवीकडे गेले आणि तिथे डाव्या हाताची आखणी. डाव्या हाताचे लोक तिथे आधीच उभे.

"सरका की, हा उजवा हात हाय!"

"डोळं फुटलं का? फक्कीनं डावा लिवलंय!"

"मामांनी उलटं लिवलं आसंल!"

"मी न्हाई," शिपाईमामा ओरडले, "बाईंनी दिलं तसंच लिवलं. मी आपला करंगळी हाय, मला मधी घेऊ नका."

तेवढ्यात सरपंच माझ्यापुढे आले. तेही माझेच विद्यार्थी. कडक इस्त्रीचा सदरा, हातात यादी. "बाई, काईतरी चुकलंय. मला माकडहाड आलंय."

"बरोबर आहे. आडनाव तिथेच येतं."

"गावचा सरपंच हाय मी! कपाळ तरी द्या."

लांबून जबडा म्हणाला, "बरोबर दिलंय बाईंनी! सगळ्यात बुडाशी, आन् जागचं हलत न्हाई!"

दोनशे माणसं हसली. मी सरपंचांना म्हटलं, "रस्त्यावर पडला की सगळ्यांत आधी कुणाची आठवण येते? माकडहाडाची. आता माझं एक काम कर. फक्कीवर उताणा झोप." पंचावन्न वर्षांचा माणूस, इस्त्रीच्या सदऱ्यासकट, मुकाट्यानं धुळीत उताणा झोपला. "डोकं शाळेकडे कर. आता उजवा हात वर." हात वर झाला, आणि तो बरोबर आमच्या डावीकडे होता. "पाहा. सांगाडा आपल्याकडे तोंड करून असतो. पुस्तकातही असाच असतो. त्याचा उजवा, तुमचा नव्हे."

मग उजव्या हाताच्या सत्तावीस जणांनी छातीच्या पिंजऱ्यातून पलीकडे जाऊन आपला हात गाठला. वाटेत बरगड्यांना धक्के लागले. "ए मनगटा, पायावर पाय देतो का रं?" "तू बरगडी हायेस, तुला पाय कुठनं आला?" माईकवरून मी गप्प बसा म्हणत होते आणि मलाच हसू आवरत नव्हतं.

सगळे जागेवर आल्यावर मी जुना प्रश्न विचारला. "हाडांची कामं कोणती?"

"आधार!" पाठीचे मणके ओरडले.

"संरक्षण!" ही कवटी, आणि मागोमाग बरगड्या.

"हालचाल!" हातपाय.

"आणखी एक राहिलं."

मग छातीच्या हाडावर उभ्या असलेल्या बाईनं, जी वर्गात कधी हात वर करत नसे, हळूच म्हटलं, "रक्त. आत रक्त तयार होतं." मी तिला माईकवरून शाबासकी दिली. तिनं टॉवेल तोंडावर ओढून घेतला.

हजेरी घेतली. दोनशे पाच.

पुन्हा घेतली. दोनशे पाच. कंठाचं हाड नव्हतं.

हे हाड तुम्हाला माहीत नसेल. हनुवटीखाली, गळ्याच्या वरच्या टोकाला, नालाच्या आकाराचं असतं. अंगातल्या बाकीच्या कुठल्याच हाडाला ते जोडलेलं नसतं. स्नायूंनी अधांतरी टांगलेलं असतं. पण ते नसेल तर नीट गिळता येणार नाही आणि नीट बोलताही येणार नाही. आडनावांच्या क्रमानं ते आमच्या एका एसटी कंडक्टरला आलं होतं, जो सकाळी मला नमस्कार करून गेला होता.

"त्याची म्हैस अडलीय," जबडा म्हणाला. "आत्ताच फोन आल्ता. गेला तो घरी."

"मग आचाऱ्याला उभं करा," मी म्हटलं.

"तुमचाच नियम हाय बाई. या शाळंतलाच माणूस पायजे. आचारी जामखेडचा, फोटोवाला आष्टीचा." मग ती थांबली आणि टॉवेल सारखा करत म्हणाली, "या शाळंतलं एकच माणूस बाहेर ऱ्हायलंय."

दोनशे पाच डोकी माझ्याकडे वळली.

मी वॉकर पुढे ओढला. उठले. तेवढ्यात ड्रोनवाल्यानं मोबाईलच्या पडद्यावर पाहत सांगितलं, "मॅडम, ते घेऊन गेलात तर फोटोत स्पष्ट दिसणार. वेगळंच हाड वाटेल."

दोनशे सातवं हाड! चार दांड्यांचं, ॲल्युमिनियमचं, ऐन गळ्यात! सव्वीस वर्षं मी दोनशे सहा लिहून घेतलं, एक कमी किंवा एक जास्त लिहिणाऱ्याचे मार्क कापले, आणि आता माझ्याच सांगाड्यात मीच चूक उभी करणार? ते कसं चालेल? मी वॉकर लिंबाला टेकवला.

आणि मग कळलं की माझ्या हातात काहीच नाही.

पावलांच्या बावन्न जणांपैकी निम्मे धरायला धावले. "शिवायचं न्हाई!" जबड्याचा आवाज आला. "कंठाचं हाड कुणालाच चिकटत न्हाई! बाईंनीच शिकवलंय! जागंवर उभं ऱ्हावा!" आणि ती सगळी मोठी माणसं खरोखरच आपापल्या हाडावर परत गेली.

डावा पाय टाकला. मग उजवा. हात नेहमीसारखेच परत निघाले. पण दांडा नव्हता, म्हणून हातांना जायला जागाच नव्हती.

दोन पायांच्या मधून गेले. नडगीची हाडं, गुडघ्याच्या वाट्या, टोपी सावरत उभे असलेले मांडीचे दोघे. उजव्या मांडीचं हाड एक सहा फुटी शेतकरी होता. तो ताठ उभा राहून म्हणाला, "बाई, बघा, मी धड हाय." मला हसू आलं, आणि हसताना तीन पावलं पडून गेली. माकडहाड धुळीनं माखलेलं, हात जोडून उभं. मग बरगड्या आणि मणक्यांच्या मधली मोकळी जागा, जिथे फुप्फुस असतं. तिथून जाताना दोन्हीकडचे लोक कुजबुजत मोजत होते, एकतीस, बत्तीस, जणू मोठ्यानं मोजलं तर मी पडेन. तुमची आजी एवढ्या मोठ्या छातीतून आजवर कधी गेली नव्हती. डोकं हलकं झालं, पाय हलके झाले, सळईसुद्धा हलकी झाली. अठ्ठेचाळीसाव्या पावलाला मी गळ्यात पोचले आणि फक्कीच्या नालात उभी राहिले. वर ड्रोन गुणगुणला. जबडा माझ्या समोरच होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो गप्प होता. रडत होता.

"तोंड मीट," मी म्हटलं. "फोटो आहे."

जेवणाच्या पंगतीपर्यंतही मी तशीच चालत गेले. शेंगोळे, भाकरी, भजी, आणि माझ्या दोन्ही बाजूंना माणसं, पण कोणीही शिवलं नाही. नियम पाळायची त्यांना सवय आहे.

फोटो दुसऱ्या दिवशी आला. मी अर्थातच मोजला. बोट ठेवून, कवटीपासून. दोनशे सहा ठिपके, एक कमी नाही, एक जास्त नाही. मग कडा तपासायला चित्र मोठं केलं, तर शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे एक माणूस उकिडवा बसलेला. डोक्यावर पांढरी टोपी. हातात भजी. मान वर करून थेट ड्रोनकडे पाहत होता.

मी लगेच गोठ्यावर फोन लावला. "म्हैस कशी आहे कंडक्टरची?"

पलीकडे तिनं आधी एका म्हशीला दटावलं. मग ती म्हणाली, "त्याला म्हैसच न्हाई, बाई. पण तुमीच शिकवलं न्हवतं का? जबडा हलला की कंठाचं हाड हलतं."

तिचं उत्तर शास्त्राला धरून आहे, म्हणून मी मार्क कापले नाहीत. वॉकर आता मागच्या अंगणात आहे. त्याच्यावर टॉवेल छान वाळतात. फोटो सोबत पाठवते आहे. रविवारी फोन कराल तेव्हा मोजून सांगा. टाकीमागचा धरू नका.