उकळलेलं फडकं

आमच्या वन्सं, म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, मुलांच्या निवासी शिबिरात स्वयंपाकघर सांभाळायच्या. तळ्याकाठी तंबू, मधोमध पत्र्याची लांब खोली. तिच्या एका टोकाला शेगड्या, दुसऱ्या टोकाला भांडी घासायचा ओटा. यजमान गेल्यावर वन्सं तिथे कामाला लागल्या आणि तिथल्याच झाल्या. शाळांना सुट्टी लागली की भाज्या चिरायला मीही जायचे.

वन्संच्या स्वच्छतेबद्दल काय सांगावं! आमच्याकडे जेवायला आल्या की आधी ताटावरून बोट फिरवायच्या, मगच बसायच्या. हे म्हणायचे, ताईच्या घरात जंतूसुद्धा चपला बाहेर काढून येतात. शिबिरातली भांडी साबणाने घासायची, गरम पाण्यातून काढायची, मग जंतुनाशक औषधाच्या पाण्यात बुडवायची असा नियम होता. वन्संनी त्यात आपली भर घातली होती. खांद्यावर पांढरंशुभ्र फडकं, रोज सकाळी उकळून वाळवलेलं. त्याने प्रत्येक ताट कोरडं करूनच त्या रचायच्या. परक्या ठिकाणी आलेल्या लेकरापुढे ओलं ताट ठेवायचं त्यांच्या जिवावर यायचं.

भांडी घासणारी बाई अगदी उलट. औषधाच्या पाण्यातून ताटं काढली की जाळीवर उभी करायची आणि खुशाल दारात जाऊन बसायची. वन्सं विचारायच्या, "वारा काय तुझा चाकर आहे का गं, ताटं वाळवायला?" ती म्हणायची, "चाकर नाही हो, पण बोलवावं लागत नाही, आपणच येतो." मग वन्सं पुटपुटत तीच ताटं पुसायला घ्यायच्या. भांडण असं नव्हतं, पण एकमेकींशी फारसं पटतही नव्हतं.

त्या खेपेला मुलं येऊन जेमतेम स्थिरावली होती. एका सकाळी मुलींच्या तंबूतून गलका ऐकू आला. जाऊन बघते तर पोरी पोटं धरून आडव्या, कुणी ओकतेय, कुणी नुसतीच रडतेय. दुपारपर्यंत मुलांच्या तंबूंतही तेच सुरू झालं. संडासांसमोर रांग, रांगेतच बसलेली पोरं. ज्यांच्या पोटात पाणीसुद्धा ठरेना त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. एवढ्याशा चेहऱ्यांचा रंग उडाला होता. मी चालता-चालता देवाचं नाव घेत होते, दुसरं काही सुचतच नव्हतं.

वन्सं मात्र ठाम होत्या. व्यवस्थापकांना त्यांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं, ही त्या बाईचीच घाण, मी कधीची सांगतेय. आईबापांच्या फोनांनी व्यवस्थापक आधीच गांगरले होते. त्यांनी तिला तिथल्या तिथे घरी पाठवलं. घरात आजारी आई, मिळवती ती एकटीच. तरी वाद घातला नाही. पिशवी उचलली आणि म्हणाली, पोरं बरी होऊ देत.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याच्या तपासणीच्या बाई पुन्हा आल्या. पाणी-दुधाचे नमुने त्यांनी आदल्या दिवशीच नेले होते, त्यात काहीच निघालं नव्हतं. फ्रीज पाहिला, संडास पाहिले, सगळं चोख. मग वन्संना म्हणाल्या, "मावशी, रोज करता तसंच भांड्यांचं करून दाखवा." वन्सं खुशीत आल्या. पदर खोचून घासलं, गरम पाणी, औषधाचं पाणी, आणि खांद्यावरचं फडकं काढून ताट पुसायला घेतलं.

"थांबा. हे कशाला पुसता?"

"ओलं ताट कोण वाढतं, बाई? फडकं उकळलेलं आहे, हवं तर वास घेऊन बघा."

"उकळल्यावर दिवसभरात ते आणखी कशाकशाला लागतं?"

वन्संना खोटं बोलता यायचं नाही. सांगू लागल्या, हात पुसते, ओट्याची कड पुसते, आणि मध्येच थांबल्या. हातातलं ताट हळूच खाली ठेवलं.

"पहिल्या संध्याकाळी एका पोरीला जेवताना उलटी झाली. घरची आठवण येत असेल, असं वाटलं मला. ह्यानेच तोंड पुसलं तिचं. मग खळखळून धुतलं."

"आणि मग?"

"मग ताटं पुसली."

मी सुरी हातात धरून तशीच उभी. त्या संध्याकाळी मीही तिथेच होते. पोरीचं तोंड त्या ज्या मायेने पुसत होत्या, ते बघून मला भरून आलं होतं. त्याच मायेने सगळा तळ आजारी पाडला होता.

तपासणीच्या बाई रागावल्या नाहीत. हलक्या आवाजात म्हणाल्या, या पोटाच्या रोगाला एक थेंबसुद्धा पुरतो, साध्या धुण्याने तो जात नाही, म्हणून तर ताटं आपोआप वाळू द्यायची असतात. वन्सं ऐकत होत्या की नाही कोण जाणे.

बाई तंबूंकडे वळल्यावर व्यवस्थापक जवळ आले. वन्संवर त्यांचा जीव होता. म्हणाले, कागदावर फडकं येईल, कोणाचं ते कशाला? ती भांडी घासणारी तशीही गेलीच आहे. मला ते ऐकून दुसरा धक्का बसला.

वन्सं म्हणाल्या, "म्हणजे पोरं मी आजारी पाडायची आणि उपाशी तिने राहायचं?"

लगेच मला घेऊन तिच्या घरी गेल्या. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. तिने आधी विचारलं, पोरं कशी आहेत. सुधारतायत, दवाखान्यातली उद्या परत येतील, देवाची कृपा, असं मी म्हणाले. मग ती वन्संकडे बघून बोलली, "घालवलंत ते सगळ्यांपुढे. बोलवायला आलात ते अशा दारात, कुणी नसताना?"

वन्सं "तू ये," एवढंच म्हणाल्या.

सकाळी नाश्त्याला मुलं, त्यांना सांभाळणारे ताई-दादा लोक, व्यवस्थापक, सगळे बसले होते. वन्सं मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. आयुष्यात कधी माणसांपुढे बोलल्या नव्हत्या. "तुम्ही आजारी पडलात ते माझ्या हातून," म्हणाल्या. "हिच्या हातून नाही. हिच्यावर मी खोटा आळ घेतला." कोणाला कुठे बघावं कळेना. एक पोरगा घास तोंडात धरून तसाच बसला. व्यवस्थापकांनी मान खाली घातली.

ती बाई भिंतीशी उभी होती. ओट्याकडे गेली, बाह्या वर सारल्या आणि नळ सोडला.